डिझेलचा हिशेब

नदी म्हणजे इथे नुसतं नाव.
वाळूत हत्तिणीने पायाने उकरलेला झिरा,
तळाला वाटीभर ओल,
आणि ती भरायची वाट पाहत उभ्या सात जणी.
म्हणून ह्वांगेच्या या पश्चिम टोकाला इंजिन आहे
आणि इंजिनाला मी, वेलेम्पिनी.
दिवसाला वीस लिटर डिझेल.
वहीत हौदाची पातळी, आलेले हत्ती, माझी सही.

हत्ती पाण्याकडे येतात असं पाहुण्यांना वाटतं.
नाही. ते आवाजाकडे येतात.
इंजिन दोनदा खोकून सुरू झालं की
दूर उमकुसीच्या झाडीत कान हलायचे थांबतात.
हौदातलं त्यांना नकोच असतं, शेणाने हिरवं झालेलं;
म्हातारी थेट पाइपच्या तोंडाला सोंड लावते
डोळे मिटून,
आणि बाकीच्या कितीही रेटोत, हलत नाही.
डाव्या कानाला बशीएवढं भोक.
मी तिला हेडमास्तरीण म्हणतो.

ऑक्टोबरात सीमेपलीकडून आग आली.
आधी धूर नाही, आधी घारी,
पळणारे टोळ टिपत टिपत.
मग रात्री पश्चिमेला एक सूर्यास्त,
मावळायचं नाव न घेणारा.

पहाटे न्कोबानी ट्रॅक्टर घेऊन आला,
मागे रिकामी टाकी, टाकीवर अकरा पोरं,
आग झोडपायला हातात हिरव्या फांद्या.
म्हणाला, पाणी दे.
चाळीस पावलांवर हेडमास्तरीण उभी होती.
तिच्या मागे एका तरुण हत्तिणीचं पिल्लू,
स्वतःच्याच सोंडेला अजून अडखळणारं.
मी पाइप टाकीत सोडला.
कुणी पाऊल पुढे टाकलं नाही, कुणी ओरडलं नाही.
टाकी भरताना तो पोकळ आवाज बदलत जातो ना,
तो ऐकत राहिल्या.
आम्हीही तोच ऐकत होतो.

चार दिवस जळलं.
पाचव्या दिवशी वारा फिरला.
वहीत लिहिलं: आग आटोक्यात आणली.

खरं तर तिथून सुरू झालं.
गवत उरलं ते तीस किलोमीटर पूर्वेला,
तिथे थेंब नाही.
पाणी इथे, आणि इथे काडी नाही.
पोट तिकडे, घसा इकडे,
मधे काळी जमीन, आतून धुमसणारी मुळं,
आणि एवढालं पिल्लू.
म्हातारी घशात साठवलेलं पाणी सोंडेने ओढून
त्याच्या कानामागे फवारायची. मी पाहिलंय.
तिसऱ्या खेपेला ते आलं तीन पायांवर.
चौथ्या खेपेला त्याची आई रांगेत सगळ्यात मागे,
थांबत, मागे वळत, पुन्हा थांबत.

वहीत लिहिलं: हत्ती सात.

घरून सितांदेकिलेचा निरोप:
गिरणीला डिझेल नाही, मका तसाच पडून आहे,
पीठ कुणी उसनं देत नाही,
पाच लिटर तरी आण.
आणि जूनमध्ये तुझ्या लाडक्यांनीच
आपली कणगी फोडली होती, विसरलास का?
नाही विसरलो.
नवा कुड मीच विणला, बोटं सोलवटून.
खाटेखाली एक कॅन आहे, पाच लिटरचा,
रोज थोडं थोडं वाचवलेला.
चोरलेला म्हणा हवं तर.

काल टँकर आला नाही. रात्री इंजिन थांबलं.
शांततेने कानात दडे बसले.
मग पावलं. पावलं तरी कसली,
वाळूवर भरलं पोतं टेकवावं तसं काहीतरी.
म्हातारी पाइपशी थांबलीच नाही.
सरळ शेडपाशी आली, पत्र्याखालून सोंड आत घातली
आणि इंजिनाचं कोमट झाकण हुंगत राहिली,
फार वेळ निजलेल्या माणसाच्या नाकाशी
आपण हात धरून बघतो, तसं.

मी खाटेवर उठून बसलो.
कॅनचं झाकण घट्ट आहे, फडक्याने धरून फिरवावं लागतं.
अंधारात फडकं शोधत होतो,
आणि सितांदेकिलेला काय सांगायचं, तेही.