चार-शून्य, चार-शून्य

रात्री अडीचला व्याजाचा जॉब पडला.
बेलार्ड इस्टेट, चौथा मजला,
ऐन मे महिन्यात आम्ही स्वेटर घालून.

कन्सोलवर एवढंच: एस-झीरो-सी-सेव्हन.
मग डंप. हिरव्या पट्ट्यांचा कागद,
घडीवर घडी, साडेतीनशे पानं.

मी पहिल्या पानापासून सुरू केलं.
कोळंबकर बाई म्हणाल्या, "पोथी लावलीयस का?
कुठे थांबलं ते बघ. त्याच्या आधीचं सगळं
चाललं होतं."

ऑफसेट मोजत त्यांचं बोट सरकलं
आणि एका जागी नख रुतलं:
चार-शून्य, चार-शून्य, चार-शून्य.

"शून्य दिसतात ना? नाहीत.
ही रिकामी जागा आहे.
शून्य असतं तर बेरीज पुढे गेली असती."

खातं माझगावच्या कुणा सेराफिना डिमेलोचं.
रक्कम कुणी भरलीच नव्हती.

साडेपाचला जॉब पुन्हा सोडला.
कोड शून्य आला. म्हणजे ठीक.
बंदरावर भोंगा झाला,
बाईंनी डंपाच्या कोऱ्या बाजूवर
दुधाचा हिशेब केला.

जूनमध्ये त्यांच्या निवृत्तीचा फॉर्म
माझ्याच टेबलावरून गेला.
वारसाच्या रकान्यात, ठळक अक्षरात:
कोणी नाही.

रिकामा सोडला नव्हता.