शिरोरेषा आधी

बायणा मागे टाकून वर चढलं की
पांढऱ्या खुरसापाशी डावीकडे एक वळण आहे,
त्याला जुनी माणसं अजून आलमांव वाडो म्हणतात.
आता तिथे एकही जर्मन नाही.
एक गॅरेज, एक शिंपी,
आणि वाचनालय, ज्याच्या पायऱ्यांवर
बंदरातला कोळसा रोज नव्याने बसतो.

मी वाचायला गेलो नव्हतो.
पाठीवर औषधाचा पंप, हातात ड्रिल,
पालिकेचा कागद घडी घालून खिशात :
वाळवी, तळमजला, दोनशे चाळीस चौरस फूट.

आनास्तासिया बाईंनी चावी दिली.
"पोर्तुगीज कपाटाला जपून हात लाव.
ती पुस्तकं आहेत असं नुसतं दिसतं."
एक काढलं. वजनच नव्हतं.
चामड्याची पाठ शाबूत, सोनेरी अक्षरं शाबूत,
आत नुसते बोगदे.

खिडकीपाशी लवू दादा, तीस वर्षं क्रेनवर काढलेले,
पेपर मागून पुढे वाचत होते,
निधनवार्तांपासून.
"औषध? म्हणजे तीन दिवस बंद?"
माझ्याकडे असं पाहिलं
जशी वाळवी मीच घेऊन आलोय.

खालच्या फळीवर जुन्या नोंदवह्या.
भोकं पाडण्याआधी हलवायला हव्या होत्या,
म्हणून उघडली एक. तेवढंच.
सन अठ्ठेचाळीस. सभासद एकसष्ठ. नाव हेल्मुट.
पत्ता बोटीचा, तो खोडून :
पेद्रू लोहाराच्या मागे.
पुस्तक : अंकलिपी.
पंधरा दिवसांनी परत. त्याच दिवशी पुन्हा नेली.
अंकलिपी. अंकलिपी. अंकलिपी.
दोन पावसाळे एक खलाशी
ग गणपतीचा, भ भटजीचा काखेत मारून
हा चढ चढत होता, उतरत होता.

"बायकोसाठी," बाई म्हणाल्या.
"इथलीच. चंद्रावळ. मासळी विकायची."
तिला वाचता यायचं?
"छे. एक अक्षर नाही."
मग त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

सह्या सगळ्या रोमन, कलत्या, घाईच्या.
शेवटची तेवढी देवनागरी.
आधी रेघ मारलेली, पट्टीने, लांबलचक,
दोन माडांना बांधलेल्या दोरीसारखी,
मग तिच्यावर एकेक अक्षर वाळत घातलेलं.
ल अर्धा करायचा राहिलेला,
त्यामुळे हेलमुट.
आणि पुढे दोरी उरलेली, चांगली वीतभर.
आणखी एक नाव सहज मावलं असतं.

दुपारभर भोकं पाडली, औषध भरलं.
हात धुतले तरी वास गेला नाही.

मी पावतीवर सही इंग्रजीत करतो.
शाळा सातवीत सुटली, पण सही
बँकेतल्या साहेबासारखी, खाली दोन टिंबं.
त्या दिवशी काय झालं कोण जाणे,
आधी रेघ मारली.
अंदाज चुकला. आखूड पडली.
शेवटचं अक्षर छपराबाहेर,
उघड्यावर उभं.

बाईंनी पावतीवरचा कोळसा फुंकला,
शिक्का मारला, काही बोलल्या नाहीत.
बाहेर पायरीवर लवू दादा,
मांडीवर पेपर. आता पहिल्या पानावर आलेले.
"इथे बसलं तर चालतं ना?"
चालतं, म्हटलं.