जमा-नावे

होटगी रोडला टायरच्या दुकानावर एक खोली,
रविवारी आम्ही अकरा जण.
नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, तो रविवार निघाला
तर सात.

मॉर्मन म्हणजे काय, लोक विचारतात.
आम्ही सांगतो, चहा पीत नाही.
सोलापुरात त्यापुढे कुणी काही विचारत नाही.

वही माझी. चादरींच्या पेढीवरून आणलेली,
लाल कापडी पुठ्ठा, डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
सभेत जीभ जड होते, म्हणून म्हटलं, लिहू.
पहिलं शांतवन हिवाळेंनी लिहिलं:
रात्रपाळीत, मागाच्या खडखडाटात केलेली प्रार्थना
पोचते का?
समोरच्या रकान्यात गुंडेटीचा पोरगा:
मालकाची हाक ऐकू येते ना, काका? मग.

वही फिरू लागली. टॉवेलांच्या गठ्ठ्यातून, डब्याच्या पिशवीतून,
एकदा तर विडी घरकुलाहून रिक्षात एकटीच आली.
पेन्सिल, हिरवी शाई, मध्येच तेलुगू,
"हे खोडू नये" असं लिहून खोडलेलं.
भांडणं झाली. दोघांनी पानं फाडली, एकाने परत चिकटवलं.
पांढऱ्या शर्टातल्या परदेशी एल्डरांना वाचता येत नव्हतं,
म्हणून खरं लिहिलं जायचं.

सतराव्या पानावर अनसूया मादगुंडी:
मी ओढत नाही. पण रोज हजार वळते.
पोरीची फी त्यातूनच, दशांशही त्यातूनच.
माझे हात चालतात का?

तिच्या समोरचा रकाना
तीन आठवडे कोरा परत आला.
मग कुणी वचन लिहिलं, आकड्यासकट.
एकीने लिहिलं, मीही वळायचे, सांगितलं नव्हतं.
हिवाळेंनी नुसती सही केली,
कशाखाली, ते कळलं नाही.
मी हिशेबनीस. बेरीज मारायला बसलो
आणि उठलो.

त्या रविवारी भाकरीचं ताट
तिच्या हातून माझ्या हातात आलं.
वास होता. कडेला, अगदी थोडा,
साबणाने घासूनही उरतो तेवढा.
मी तुकडा घेतला, ताट पुढे दिलं.

आता वही उघडली की तोच वास येतो,
आणि ती सहाही घरांत राहून आली आहे,
कपाटात, पोरांच्या दप्तरांना लागून.
जे वचन लिहून मोकळे झाले
त्यांच्या उशाशीसुद्धा.

अनसूया महिनाभर आलेली नाही.
वही तिच्याकडेच आहे.
आणायला कोण जाणार,
हे विचारायला आमच्याकडे
दुसरी वही नाही.