गाबीची कड

मेकुरियावची गाबी दर वर्षी
चार बोटं आखूड होते.
मी कड दुमडते, पुन्हा शिवते,
कोणी कापली ते विचारत नाही.

तेफ पिवळं पडायला लागलं की
आमचा चढ माणसं चढतात,
बोथट विळे, झिजलेले फाळ घेऊन.
बाया पोरांची तोंडं शालीत झाकतात.
लोहाराची नजर.
म्हणतात, रात्री आम्ही तरस होतो
आणि थडग्यांपाशी हिंडतो.
रात्री त्याचा खांदा ठणकतो
आणि मी तेल चोळता चोळता झोपते.

भात्याच्या दोन्ही शेळ्या माझ्या ओळखीच्या.
उजवी काळी, भारी खोडकर होती. डावी आंधळी.
एकीत श्वास भरते, मग दुसरीत,
आणि तो निखाऱ्यातून ओढून काढतो
दरीत कोसळलेल्या इसुझूची कमानपाटी.
मीठ विरघळलं, ड्रायव्हरला पुरलं,
पाट्यांचे आजवर एकतीस फाळ झाले.

“विळ्याला पाणी नीट दिलंस ना?”
गेताहुन अंगठ्यावर धार बघत विचारतो.
दिलंय की, मी म्हणते, तुलाही देऊ घोटभर?
तो हसतो. मडक्याकडे बघत नाही.
नाणी दगडावर ठेवतो.

काल पहाटे अस्नाकेच आली,
अनवाणी, पाठीवर तापानं फणफणलेलं पोर.
औषध सगळ्या गावाला पाठ आहे :
ज्याची नजर त्याची चिंधी जाळायची,
धूर पोराच्या नाकाशी धरायचा.
गाबी रात्रभर कुंपणावरच राहिली होती.
तिच्या मुठीत विळा. आमचाच,
लाकडावरची खाच मी ओळखली.
हात असा कापत होता
की कापड कापेना.

मी गेले. म्हटलं, दे इकडे.
बोटभर कड कापली, गाठ मारून तिला दिली.
धूर दे हवा तर,
पण खालून बस आठला सुटते दवाखान्याची,
ती चुकवू नकोस.
पोर माझ्याकडे टक लावून बघत होतं.
झाकायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

उजाडल्यावर मेकुरियावनं विळा उचलला,
उन्हात फिरवून पाहिला.
“धार गेलीय. कुणाचा?”
येईल न्यायला, मी म्हटलं.
त्यानं कुंपणावरची गाबी ओढून घेतली,
कड चाचपली, खांद्यावर टाकली.

“भाता धर,” म्हणाला.