ऐनवेळचे विषय

ओस्टर क्रीक, साउथ डकोटा.
दुसरा मंगळवार, संध्याकाळचे सात.
बाहेर उणे एकोणीस; खिडकीच्या आतल्या बाजूलाही बर्फ,
नखानं खरवडता येईल इतका.
सभागृह म्हणजे अग्निशमन केंद्रावरची खोली.
खालच्या बंबाचा रबरी वास, करपलेली कॉफी,
आणि भिंतीवर घड्याळ, जे चार मिनिटं पुढे आहे.
गावात सगळ्यांना ते ठाऊक,
म्हणून कुणी मागे करत नाही.

गणपूर्ती झाली.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे:
वाचत कुणीच नाही, कायम मात्र होतं.
सूचक क्युबिचेक. अनुमोदक श्रीमती टॉलेफसन.
मी लिहिते. सव्वीस वर्षं लिहिते आहे.
रुजू झाले तेव्हा सांगितलेलं एवढंच:
काय ठरलं ते लिही,
काय बोलले ते नको.

तर, ठरलं ते असं.
बर्फ ढकलायच्या गाडीचं पातं: दरपत्रकं दोन, कमी दराचं मान्य.
(लेलंड म्हणाला, हे पातं एप्रिलपर्यंत टिकायचं नाही.
ड्वेन म्हणाला, बर्फ तरी कुठे टिकतो.)
पाण्याच्या टाकीला रंग: तहकूब.
हे घोंगडं तीन नगराध्यक्षांपासून भिजत पडलंय.
टाकीवरच्या नावातलं एक अक्षर वाऱ्यानं नेलं,
हमरस्त्यावरून जाणाऱ्यांना आम्ही आता
दुसरंच कुठलं तरी गाव वाटतो.
अंदाजपत्रक: नऊ मिनिटं.
घरामागे कोंबड्या पाळू द्याव्यात का: चाळीस.
‘कोंबडा वगळून’ या दुरुस्तीसह मंजूर.

मग ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने.

आयोन मार्क्वार्ट उठल्या. कोट काढला नाही.
पर्समधून कागद काढला, घड्यांवर विरलेला.
दफनभूमी, विभाग क, ओळ सात, जागा अकरा आणि बारा.
सन एकोणीसशे बहात्तर, दोन्ही मिळून साठ डॉलर.
अकरामध्ये वॉल्टर आहे.
बारा त्यांना परत करायची आहे.

नियम तेवीस: जागा परत घ्यायची तर मूळ किमतीला.
म्हणजे तीस डॉलर.
ड्वेननं विचारायला नको होतं.
विचारलं.

“मुलगी टूसॉनला असते,” त्या म्हणाल्या.
“गेल्या जानेवारीत तिच्या अंगणात मी अनवाणी उभी राहिले.
नुसती उभी. शेजारीण म्हणाली, काही हरवलंय का?
इथे या जमिनीवर पन्नास हिवाळे कुडकुडले मी.
आता आत जाऊन आणखी नको.”

क्युबिचेक हसला, मग बूट बघत बसला.

“वॉल्टरला सांगून आलेय,” त्या म्हणाल्या.
“काही बोलला नाही.
तसाही हिवाळ्यात तो फार बोलायचा नाही.”

बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं असतात.
अंडी उकडायचं टायमर माझ्याच हाताशी असतं.
ते वाजलं, आणि मी
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
ते कोटाच्या खिशात कोंबलं. तिथेही ते वाजत राहिलं.

बाजूने पाच, विरोधात शून्य.

सकाळी कपाटातून नकाशा काढला.
त्यावर गेलेल्यांची नावं शाईत, असलेल्यांची पेन्सिलीत.
ओळ नऊमध्ये माझंही आहे,
आधीच्या लेखनिकाच्या तिरक्या अक्षरात,
आडनावात एक चूक, कधी दुरुस्त केली नाही.
रबर फिरवलं.
आयोन गेल्या, पण वॉल्टरच्या शेजारी
कागद जरा फुलून आला, खरखरीत.
फुंकर मारून कचरा उडवला.
तीस डॉलरच्या धनादेशावर ड्वेनची सही घेतली.
तो म्हणाला, टूसॉनला आत्ता किती असेल गं?
मी म्हटलं, माहीत नाही. माहीत होतं.

इतिवृत्तात एवढंच:
विभाग क, ओळ सात, जागा बारा
मूळ किमतीस परत घेण्यात आली.
अन्य विषय नसल्याने सभा
आठ वाजून पन्नास मिनिटांनी संपली.
भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे.