राखाडी खूण

जालन्याच्या जुन्या एमआयडीसीत बियाण्यांची कंपनी,
सत्तेचाळीस मशिनं, एक सर्व्हर,
सर्व्हरच्या डोक्यावर पंखा
आणि उरलेल्या वाऱ्यात मी.

आजवर टेबलाटेबलापाशी जाऊन वाकायचो.
कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाचं पत्र आऊटबॉक्सात अडकलं.
नऊशे त्र्याण्णव, नऊशे त्र्याण्णव,
पोर्टचा आकडा झोपेतही सांगेन.

साहेब म्हणाले, आता एका जागेवरून.
सगळ्यांचं अक्षर सारखं, सही सारखी, खाली कंपनीचं बोंड.
कुणाचा हात लागायला नको. कुलूप घाल.

रविवारी बसलो फाईल लिहीत.
‘डिफॉल्ट’ लिहिलं तर माणसाला पुढं बदलता येतं.
‘लॉक’ लिहिलं
तर चौकटीतली खूण राखाडी होते,
बसा मग दाबत.
मी सगळीकडं लॉक लिहिलं.

जुनं पुसण्याआधी बॅकअप घ्यावा लागतो.
घेता घेता दिसलं:
डिस्पॅचच्या रंगनाथ मापारींचं अक्षर बावीसचं.
मोतीबिंदूचं त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं,
मशिनला सांगितलं होतं.
अकाउंटसची रुबीना पाठवलेलं पत्र
दोन मिनिटं दाबून ठेवते, मगच सोडते.
सांडू खरात प्रत्येक पत्राची प्रत स्वतःलाच धाडतो,
आणि ती आली की तिलाही ‘मिळाले’ असं उत्तर.
लॅबमधल्या विमल भुतेकरांकडं
एका पत्त्यावरून येणारं सगळं
परस्पर ‘नंतर’ नावाच्या कप्प्यात पडतं.
तीनशे बारा. एकही उघडलेलं नाही.
पत्ता कुणाचा ते मी वाचलं.
इथं लिहीत नाही.

आमच्या प्लॉटवर बाया ओळीनं फिरतात,
वेगळं दिसलं झाड की उपटतात.
पान जरा रुंद, फूल जरा पिवळं, एवढंच निमित्त.
तरी पिशवीवर शुद्धतेचा आकडा छापताना
शंभर कधी छापत नाही आम्ही.
हे मला रविवारी आठवायला पाहिजे होतं.

सोमवारी नऊ वाजता सत्तेचाळीस मशिनं एकसारखी उठली.
साडेदहाला मापारी दारात.
‘सायेब, माझं अक्षर कामून बारीक झालं हो?’
तोवर परभणीच्या गाडीत
अडतीसच्या जागी तेहतीस पोती चढली होती.
अकराला रुबीनाचा राग
जसाच्या तसा, गरम, हैदराबादला पोचला.
ती काही बोलली नाही.
पाण्याची बाटली उघडली, बंद केली, उघडली.
सांडू खरात तेवढा खुशीत:
त्याला वाटलं, पत्रं जायचीच थांबली,
आता काम नाही.

दुपारी लाईट गेली. यूपीएस ओरडायला लागला.
त्या वीस मिनिटांत मी फाईल पुन्हा उघडली,
सहीचं आणि बोंडाचं कुलूप तसंच ठेवलं,
बाकी ओळींत एकेक शब्द बदलत गेलो.
लॉक खोडून डिफॉल्ट, लॉक खोडून डिफॉल्ट.
मग बॅकअपमधून ज्याचं त्याला परत.
साहेबांना सांगितलं, काम झालं.
झालंच होतं.

‘नंतर’ला मी हात लावला नव्हता,
तो फाईलीच्या आवाक्यातच येत नाही.
गुरुवारी बॅकअप घेताना मुद्दाम बघितलं नाही,
पण आकडा दिसतोच:
तीनशे अकरा.