पान एकतीस

डोमाजी भोयरच्या पत्र्याच्या पेटीत, झाकणाच्या आतून,
भाताच्या पेजेनं चिकटवलेला एक रशियन माणूस होता.
खाली छापलेलं: मत्वेई ओस्ताफ्येव, नट.
आम्ही त्याला माधवभाई म्हणायचो.

रशियाचं गुळगुळीत मासिक तेव्हा वडशाच्या रद्दीत
किलोवर मिळायचं, पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला.
डोमाजीनं दोन पानं वाचवली.
बारा वर्षांचा माधवभाई, थिएटरातली काजळी पुसणारा.
लढाईत ट्रकच्या फळीवर, बर्फात, सैनिकांपुढे राजा झालेला,
मुकुट मासळीच्या डब्याचा.
मग सिनेमात सात वेळा जनरल,
आणि दर वेळी, तो म्हणतो, बूट दुसऱ्याचे, एक नंबर लहान.
"आपल्यातलाच आहे की जी हा," डोमाजी म्हणायचा.
म्हातारपणी एका रात्री तो स्टेजवर मध्येच थांबला आणि
(पुढील मजकूर पान ३१ वर).
पान एकतीस कोणाच्या तरी भूगोलाच्या वहीला गेलं होतं.

मी प्रॉम्प्टर. स्टेजखालच्या खड्ड्यात
कंदिलाला पुठ्ठ्याचा आडोसा करून बसायचो.
बत्तीस हंगाम मी डोमाजीच्या टाचा पाहिल्या.
चेहरा लोकांचा. भेगा माझ्या.

धान निघालं की मंडया. दिवसा शंकरपट,
रात्री बांधीत तणस पसरून नाटक, पार उजाडेपर्यंत.
सिंदेवाहीत एका म्हातारीनं त्याला चहा दिला नाही.
"त्या पोरीले रात्री घराबाहेर काढलं तुनं. काहून काढलं?"
तो तिच्या पाया पडला,
आणि तो न मिळालेला चहा
मेडल मिळाल्यासारखा सांगत राहिला.

मग सिनेमावाले आले. वैनगंगेच्या रेतीत मोठ्या छत्र्या लावल्या.
डोमाजीला डोंगेवाल्याचं काम, एकच वाक्य:
पाणी वाढतंय साहेब, आज नाही जमणार.
तो बोलला. पलीकडच्या काठावरचे बगळे उठले.
"कमी करा काका, माईक आहे."
केलं कमी. आणखी कमी.
नवव्या वेळी त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

ब्रह्मपुरीला पिक्चर लागला. दोन ट्रॅक्टर भरून गाव गेलं.
ओठ डोमाजीचे,
आवाज कोण्या शहरातल्या पोराचा.
परतताना ट्रॉलीत कोणी बोलेना. आरमोरीचा फाटा आला तेव्हा
तोच म्हणाला, "एक नंबर लहान."

पालांदूरची मंडई. दव इतकं की पडदा ओला होऊन लोंबलेला.
तिसऱ्या अंकात मालगुजार झालेला डोमाजी थांबला.
मी वाक्य सोडलं. पुन्हा सोडलं. मग मोठ्यानं.
ऑर्गनवाल्याला ऐकू गेलं, पुढच्या रांगेतल्या पोरांना गेलं,
एकानं तर म्हणूनही दाखवलं.
डोमाजी उजेडात पुढे आला, मिशी काढून खिशात ठेवली
आणि म्हणाला, "बर्फाच्या मुलखात एक नट होता."
काजळी सांगितली. ट्रक सांगितला. डब्याचा मुकुट.
पुस्तकात यातलं काही नव्हतं, मी पानं उलटत होतो उगाच.
"एका रात्री तो मध्येच थांबला. लोकांना वाटलं, अभिनय.
खालून सांगणारा सांगून थकला.
मग त्या सांगणाऱ्यानं…"
इथं त्यानं खाली पाहिलं. खड्ड्यात. माझ्याकडे.
"…पुस्तक मिटलं."

मी मिटलं.

तीन हजार लोकांना वाटलं, मालगुजाराला पस्तावा झाला.
शिट्ट्या, टाळ्या, वन्स मोर.
मालकानं रात्रीच्या पैशातून पन्नास कापले. माझ्या.

पुढच्या हंगामाला डोमाजी नव्हता. पेटी माझ्याकडे आली.
झाकणातल्या माधवभाईच्या गालावर
मुर्दाडशिंगाची बोटं उमटलेली आहेत,
पेजेच्या वासानं कसर लागली, डावा कान गेला.
ऐकू येत नसेल त्याला फारसं.
दिवाळी सरली की मी पेटी उघडतो,
इकडंतिकडं बघून
पुढचं वाक्य हळूच सोडतो.